नोकरी सोडण्याचा विचार

नोकरी सोडण्याचा विचार म्हणजे राजीनामा नव्हे, त्याच्या आधीचा काळ, आणि तो कधीकधी दोन-तीन वर्षंसुद्धा चालतो. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांत ह्याला 'स्विचचं बघतोय' म्हणतात, राजीनामा दिला की मग 'पेपर टाकले'.

अमेरिकन अभ्यासक विल्यम मोब्ली यांनी १९७७ मध्ये मांडलं की नाराजी आणि राजीनामा यांच्यामधे बऱ्याच पायऱ्या असतात, आधी मनात येतं, मग सोडलं तर काय मिळेल काय जाईल हा हिशोब, मग शोधाशोध, मग हातातल्या कामाशी तुलना. पण सगळे असे पायरी पायरीने जात नाहीत. थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये 'धक्क्या'चा मुद्दा आणला, म्हणजे एखादी घटना घडते आणि बरा चाललेला माणूससुद्धा विचार करायला लागतो. आपल्याकडे हा धक्का बहुतेक अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाला बसतो: वर्षभर रात्री बारापर्यंत कॉल घेतले आणि रेटिंग आलं ॲव्हरेज, किंवा आपणच शिकवलेला नवीन मुलगा आपल्यापेक्षा जास्त पॅकेजवर आलाय हे कँटीनमधे कळतं. पगार कमी आहे हे आधीपासून माहीतच असतं, त्या दिवशी लागते ती किंमत न केल्याची गोष्ट, आणि एक्झिट इंटरव्ह्यूमधे (जाताना कंपनी कारण विचारते तेव्हा) मात्र 'बेटर ऑपॉर्च्युनिटी' एवढंच सांगितलं जातं कारण रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने मोकळं केल्याचं पत्र, हातात यायचं असतं. म्हणून कंपन्यांकडे जमा झालेली कारणं मला अर्धीच खरी वाटतात.

बाकी कारणं नेहमीचीच, मॅनेजर, वाकडच्या ट्रॅफिकमधे जाणारे तास, बेंचवर म्हणजे प्रोजेक्टविना बसण्याची भीती, गावाकडे आईवडील एकटे असणं.

बाहेर मागणी किती आहे ह्यानेही फरक पडतो. कोविडनंतर डिजिटल कामं वाढली आणि जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसने वर्षभरातलं स्वेच्छेने सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २८.४ टक्के सांगितलं होतं, पुढे मागणी थंडावली तसं ते बरंच खाली आलं. म्हणजे तेव्हा माणसं जास्त दुखावलेली होती असं नाही, जायला जागा होती.

आणि विचार करूनही बरेच जण थांबतात, त्याला बेफिकिरी म्हणणं चूक आहे. फ्लॅटचा ईएमआय असतो, ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्यापासून कायम कर्मचाऱ्याला साधारण ५ वर्षं सलग सेवा लागते (दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन), त्यामुळे चौथ्या वर्षात असलेला माणूस दात-ओठ खाऊन बसतो. त्यात ९० दिवसांचा नोटीस पिरियड, समोरची कंपनी म्हणते ३० दिवसांत जॉइन करा, मग बायआउट (उरलेल्या नोटीसच्या दिवसांचे पैसे) कोण भरणार इथेच कितीतरी ऑफर अडकतात आणि माणूस सोमवारी परत त्याच बसमधे चढतो.