खाजनाचा बांध आणि गोव्याचे ताट

भरती आली की मांडवीचे खारे पाणी वर चढते आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, लाकडी झडपा आपल्याच दाबाने बंद करते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर वाढतो, झडपा बाहेरच्या बाजूला उघडतात आणि शेतातले जादा पाणी नदीत जाते. वीज नको, पंप नको. दिवसातून दोनदा भरती-ओहोटीच हे काम करते. या व्यवस्थेवर गोव्यातली सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन कित्येक शतके उभी आहे. आपल्या पूर्वजांनी खारफुटीच्या चिखलातून ही जमीन बांध घालून मिळवली. जगातल्या कोणत्याही जलअभियंत्याला अभिमान वाटावा असे हे काम आहे, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत मोडते आहे.

खाजन म्हणजे निव्वळ भाताचे शेत समजले तर तिथेच चूक होते. बांध, मानस, मानशीच्या आतले खोल पाणी म्हणजे पोंय, त्यापलीकडची शेते आणि नदीच्या बाजूने बांधाला राखणारी खारफुटी हे सगळे मिळून खाजन होते. जूनच्या सरी जमिनीतले मीठ धुऊन नेतात आणि मग कोरगुट हे स्थानिक भात पेरले जाते. उरलेला खारेपणा आणि तुंबलेले पाणी हे भात सोसते. कापणी झाली की शेतात राहिलेला खुंट पाण्यात कुजतो. त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यावर कोळंबी आणि शेवटो, काळुंदर हे मासे पोसतात. मानशीवरच्या मासेमारीची गावात पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि तिचा पैसा बांधाच्या डागडुजीला लागतो. अशा रीतीने भात माशाला पोसते, मासा बांधाला आणि बांध भाताला.

निसर्ग माणसाला जे फुकट देतो त्याला शास्त्रज्ञ परिसंस्थेच्या सेवा म्हणतात. 2005 साली जगभरातल्या 1,300 हून अधिक तज्ज्ञांनी पूर्ण केलेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने त्यांची चार गटांत मांडणी केली. अन्न, पाणी, लाकूड अशा हाती लागणाऱ्या वस्तू, पूर आणि हवामानाचे नियमन, माती घडवण्यासारखी पायाभूत कामे आणि सण-संस्कृतीशी जोडलेले लाभ असे ते गट. खाजनात हे चारही एकाच कुंपणात सापडतात. पावसाळ्यात नदी फुगते तेव्हा ही सखल शेते पाणी पसरू देतात. पणजीभोवतीच्या ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ भागातल्या शेतांत भराव पडत गेला, तसे पावसाच्या पाण्याला थांबायला जागा कमी होत गेली. ते पाणी आता रस्त्यावर आणि तळमजल्यांत थांबते.

ही शेते मात्र एकेकटी जगत नाहीत. गोव्याची जमीन माथ्यापासून खाडीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. वर जांभ्याचा सडा, म्हणजे पठार, उतारावर झाडी, पायथ्याला सुपारी-नारळाचे कुळागर, त्याखाली मोरड ही उंचावरची शेते, मग खेर ही मधली शेते आणि सगळ्यात शेवटी खाजन. जांभा दगड सच्छिद्र असतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सडा त्यातले पाणी जिरवून घेतो आणि पायथ्याच्या झरींतून हळूहळू सोडतो. कुळागरातली पाटाची धार आणि वायंगणाचे दुसरे पीक याच साठ्यावर अवलंबून असते. वेर्ण्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत झाली, मोपाच्या सड्यावर 2022 च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले, पर्वरीचा सडा इमारतींनी भरला. सड्यावर पीक दिसत नाही म्हणून त्याला पडीक म्हणायची सवय सरकारी कागदांना आहे. पण तिथे काँक्रीट पडले की पाणी जिरत नाही, एकदम वाहून जाते. पावसाळ्यात खालच्या बांधावर जास्त ताण येतो आणि उन्हाळ्यात झर लवकर आटते. नुकसान ज्या शेतकऱ्याचे होते त्याच्या सातबाऱ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, त्याची नोंदसुद्धा होत नाही.

खाणीच्या पट्ट्याची गोष्ट याच वाटेने जाते. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खनिजाच्या ढिगाऱ्यांवरची बारीक माती पावसाबरोबर ओहोळांत उतरली आणि शेतांत पसरली. ही माती वाळली की कडक थर होतो, हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी मांडवी-जुवारीकाठचे बांध वर्षानुवर्षे खचत राहिले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले. शेतात बसलेला गाळ मात्र निकालाने उठला नाही.

बांध एका जागी फुटला तर काय होते ते समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बांध सामाईक असतो. पूर्वी त्याची राखण गावकरीकडे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेकडे होती. 1964 च्या कूळ कायद्याने आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली. हा न्याय व्हायलाच हवा होता. पण सामाईक बांधाची जबाबदारी तितक्या ठामपणे कोणाच्या हाती गेली नाही. शेतकऱ्यांचे संघ नेमले गेले, त्यांतले काही नेटाने चालतात, काही कागदावर राहिले. मग कुठे चार-पाच शेते पडीक पडतात, तिथल्या बांधाकडे कोणी पाहत नाही, खेकड्यांची बिळे वाढतात आणि एका अमावास्येच्या भरतीला भगदाड पडते. खारे पाणी मग पडीक शेत आणि कसलेले शेत असा भेद करत नाही.

काही ठिकाणी अधिक मासळीच्या लोभाने मानस नको तेव्हा उघडी ठेवली जाते. पोंयीत मासा वाढतो, पण मिठाने शेत नापीक होते. अशा पाणथळीत पुढे खारफुटी उगवते. ती मौल्यवान आहे. मत्स्यबीजाला आसरा देते, कार्बन साठवते, काठ राखते. ती कायद्याने संरक्षितही आहे, म्हणून ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे जवळजवळ अशक्य होते. उपग्रहाच्या चित्रात हिरवाई वाढलेली दिसते आणि गावातले भात गेलेले असते. माझे मत स्पष्ट आहे: खारफुटी बांधाबाहेर नदीकाठी हवी, आणि बांधाच्या आत भात हवे.

अन्नसुरक्षेचा अर्थ 1996 च्या जागतिक अन्न परिषदेने केवळ पुरेसे धान्य असा धरला नाही. अन्न सर्वांना, सर्व काळ मिळायला हवे, असे तिथे ठरले. त्यातल्या ‘सर्व काळ’ला आपण कमी लेखतो. बेळगावहून चोर्ला घाटाने भाजीचे ट्रक येत राहतात तोवर ताट भरलेले असते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत दुकाने बंद झाली आणि गोव्यातल्या घराघरांत दूध, भाजी, तांदूळ कुठून मिळेल याची विचारपूस सुरू झाली. 3,702 चौरस किलोमीटरच्या राज्याने सगळे स्वतः पिकवावे असे कोणी म्हणत नाही. पण जवळ कसलेले शेत, भरलेली पोंय आणि वाहती झर असेल तर असे दिवस सुसह्य होतात.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. 1991 च्या कायद्याने कुळांच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर रोखला. 2023 च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी आली. दुसरीकडे नगरनियोजन कायद्यातून जमिनीचा वापर बदलण्याच्या वाटा काढल्या गेल्या. त्यातल्या कलम 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. तरी हे सगळे सर्वे नंबर धरून चालते. शेत राखायचे आणि त्याच्या वरचा सडा विकायचा, शेत राखायचे आणि मानशीच्या तोंडाशी रस्त्याचा भराव घालायचा, याने शेत राहत नाही. पाणलोटाचा नकाशा हातात धरून निर्णय व्हायला हवा.

हे जमण्यासारखे आहे. जुन्या गोव्याच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ ही खारेपणा सोसणारी वाणे दिली आहेत. बुडालेल्या खाजनाचा बांध वेळीच बांधला तर पावसाचे पाणी त्यातले मीठ धुऊन काढू शकते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. काही खाजनांच्या चिखलात गंधकाची संयुगे दडलेली असतात. अशी जमीन फार काळ कोरडी राहिली की हवेशी संयोग होऊन त्यांचे आम्ल बनते आणि मुळे जळतात. म्हणून पडीक वर्षे जितकी वाढतील तितके काम अवघड होत जाते, आणि बांधाची माती चढवायला हातात फक्त उन्हाळ्याचे महिने असतात.