क्राट्सपुट्स: ओरखडलेला की खरवडलेला?

क्राट्सपुट्स हा जर्मन गिलाव्याचा एक प्रकार. त्याचा इंग्रजीत अनुवाद कसा करायचा, हा इथला प्रश्न. भिंतीच्या गिलाव्याला जर्मन भाषेत ‘पुट्स’ म्हणतात. आपल्या ‘गिलावा’ या शब्दासारखाच तो आतल्या आणि बाहेरच्या भिंतीत फरक करत नाही. इंग्रजी करते. ब्रिटनमध्ये आतला गिलावा म्हणजे ‘प्लॅस्टर’ आणि बाहेरचा ‘रेंडर’. अमेरिकेत बाहेरच्या सिमेंटच्या गिलाव्याला सर्रास ‘स्टक्को’ म्हणतात. त्यामुळे जर्मन मजकुरात नुसता ‘पुट्स’ आला की अनुवादकाला आधी भिंत कुठली ते शोधावं लागतं, मग वाचक कुठल्या देशातला ते. त्यात ‘श्टुक’ हा आणखी एक शब्द आहे. दिसायला तो ‘स्टक्को’चा सख्खा भाऊ, पण जर्मन कारागिराच्या तोंडी त्याचा अर्थ बहुतेक वेळा छताच्या कडेच्या पट्ट्या, वेलबुट्ट्या, उठावाची नक्षी असा असतो.

जुना काळ तसा सोपा होता. शोभेच्या गिलाव्याचे बरेच शब्द इटलीतून आले आणि दोन्ही भाषांनी ते जसेच्या तसे उचलले. ‘स्ग्राफितो’, म्हणजे वरचा थर कोरून खालचा रंग उघडा करायची नक्षी, इकडेही स्ग्राफितो आणि तिकडेही. सतराव्या-अठराव्या शतकांत बव्हेरियातल्या वेसोब्रुनच्या कारागिरांनी कितीतरी चर्च आणि मठ सजवले, त्या कामाबद्दल इंग्रजीत लिहिताना शब्दांपायी फारसं अडत नाही. अडतं ते ‘श्टुकमार्मोर’पाशी. जिप्सम, सरसाचं पाणी आणि रंग कणकेसारखे मळायचे, वेगवेगळ्या रंगांचे गोळे एकमेकांत दाबायचे, त्याचे काप काढून खांबावर बसवायचे आणि पुन्हा पुन्हा घासून चकाकी आणायची, असं हे काम. इंग्रजीत त्यासाठी ‘स्कॅल्योला’ हा मूळचा इटालियन शब्द रुळलेला आहे. तरी ‘स्टक्को मार्बल’ असा शब्दशः अनुवाद दिसतो आणि वाचणारा तो ‘स्टुक्को लुस्ट्रो’ समजून बसतो. तो प्रकार निराळा. त्यात चुन्याच्या गुळगुळीत थरावर रंगकाम करून तापवलेलं लोखंड फिरवतात.

खरी गुंतागुंत सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गिलाव्याचा मसाला कारखान्यात तयार होऊ लागल्यावर. रंग आधीच मिसळलेला कोरडा मसाला गोणीत भरून यायचा. पाणी घालून लावला की भिंत रंगवायची गरज नाही, कारण रंग थराच्या आरपार असायचा. जर्मनीत याला ‘एडेलपुट्स’ नाव पडलं. ‘एडेल’ म्हणजे उमदा, उच्च प्रतीचा. इंग्रजीत याचं ‘नोबल प्लॅस्टर’ झालं, कुठे ‘फाइन प्लॅस्टर’ झालं. पहिल्यातून काहीच कळत नाही, आणि दुसऱ्यातून बारीक रेतीचा गिलावा असं भलतंच कळतं. जाड दाण्याचा एडेलपुट्सही असतो.

या शब्दाचा निकाल बऱ्याच अंशी २००३ मध्ये लागला. गिलाव्याच्या मसाल्यांसाठी ईएन ९९८-१ हे युरोपीय मानक त्या वर्षी आलं. युरोपीय मानकं इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन अधिकृत भाषांत निघतात, त्यामुळे एकाच रकान्यात कुठल्या भाषेत काय लिहिलंय ते शेजारी ठेवून पाहता येतं. इंग्रजीतला ‘रेंडरिंग अँड प्लॅस्टरिंग मॉर्टर’ जर्मनमध्ये एकाच शब्दात मावतो, ‘पुट्समोर्टेल’. आणि जिथे जर्मनमध्ये ‘एडेलपुट्समोर्टेल’ आहे, तिथे इंग्रजीत ‘कलर्ड रेंडरिंग मॉर्टर’ आहे, संक्षेप सीआर. ‘उमदेपणा’ गेला, पण वस्तू काय आहे ते राहिलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. गोणीवरचं नाव वाचून गवंड्याला काम समजलं पाहिजे.

‘क्राट्सपुट्स’च्या वाट्याला मात्र असा निकाल आला नाही.

‘क्राट्सेन’ हे क्रियापदच घोळाचं मूळ आहे. मराठीत ओरखडणं वेगळं, खरवडणं वेगळं आणि खाजवणं वेगळं. जर्मन माणूस तिन्हींसाठी ‘क्राट्सेन’ म्हणू शकतो. इंग्रजीतही ‘स्क्रॅच’ आणि ‘स्क्रेप’ ही दोन क्रियापदं वेगळी आहेत, पण शब्दकोश उघडला की ‘क्राट्सेन’समोर आधी ‘स्क्रॅच’ भेटतं. तिथून ‘स्क्रॅच प्लॅस्टर’, ‘स्क्रॅच रेंडर’ आणि सगळ्यांत घातक म्हणजे ‘स्क्रॅच कोट’ असे अनुवाद निघाले.

घातक अशासाठी, की ‘स्क्रॅच कोट’ हा इंग्रजी धंद्यातला पक्का शब्द आहे आणि तो भिंतीवरच्या पहिल्या थराचा आहे. तो थर ओला असताना त्यावर दाताळ्याने ओरखडे काढतात, म्हणजे पुढच्या थराला पकड मिळते. अमेरिकी पद्धतीत त्यावर ‘ब्राउन कोट’ आणि त्यावर शेवटचा थर चढतो. क्राट्सपुट्स हाच तो शेवटचा, डोळ्यांना दिसणारा थर. एका भाषेत जो झाकायचा, त्याचं नाव दुसऱ्या भाषेत जो दाखवायचा त्याला लावलं गेलं. असा अनुवाद हाती पडलेला गवंडी त्या महागड्या रंगीत थरावर रेघा ओढून वरचा थर कधी येणार याची वाट पाहील, आणि त्याची त्यात काही चूक नसेल.

प्रत्यक्ष काम पाहिलं की शब्दाचा प्रश्न आपोआप सुटतो. साधारण १० ते १५ मिलिमीटर जाडीचा थर भिंतीवर चढवून सपाट करतात आणि घट्ट व्हायला सोडून देतात. हवामान पाहून, बहुधा दुसऱ्या दिवशी, खिळे ठोकलेली फळी घेऊन कारागीर परत येतो. फळी गोल गोल फिरवत तो वरचे काही मिलिमीटर खरवडून काढतो. वेळ बरोबर साधली असेल तर रेतीचा दाणा टणकन उडून खाली पडतो आणि त्याच्या जागी बारीकसा खळगा राहतो. घाई झाली असेल तर दाणा सुटत नाही, ओला मसाला खिळ्यांमध्ये अडकून बसतो. उशीर झाला तर फळी नुसती घसरते. शेवटी केरसुणी फिरवून सुटे कण झाडतात. त्यानंतरही काही काळ भिंतीवर हात फिरवला की रेती सुटते, आणि तो दोष धरला जात नाही.

या खरवडण्यामागे नुसती शोभा नाही. गिलाव्याच्या वरच्या पापुद्र्यात चुना किंवा सिमेंट जास्त गोळा होतं, तिथे ताण येतो आणि बारीक भेगा पडतात. तो पापुद्राच काढून टाकला की भेगांचं कारण जातं. म्हणजे इथे कृतीचा अर्थ ‘काढून टाकणं’ असा आहे, ‘रेघ ओढणं’ असा नाही. म्हणून ‘स्क्रेप्ड रेंडर’ हाच बरोबर अनुवाद. ब्रिटनमध्ये याच पद्धतीने खरवडलेला गिलावा पुढे रुळला तो ‘मोनोकूश’ या फ्रेंच नावाने, आणि त्याच्या माहितीपत्रकांत ‘स्क्रेप्ड फिनिश’ हे शब्द सरळ छापलेले असतात. इंग्रजी गवंड्याला काम माहीत होतं, शब्दही माहीत होता. शब्दकोशापाशी थांबलेल्या अनुवादकाने तो विचारला नाही, इतकंच.

तरीही ‘स्क्रेप्ड रेंडर’ सगळीकडे चालत नाही, कारण जर्मनमध्येच हा शब्द पसरला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरून उष्णतारोधक थर लावायची पद्धत आली आणि तिच्याबरोबर बादलीत मिळणारे तयार पातळ गिलावे आले. त्यांची जाडी सगळ्यांत मोठ्या दाण्याइतकीच, दीड, दोन किंवा तीन मिलिमीटर. त्यात खरवडायला काही उरतच नाही. पण दाण्याला दाणा लागून दिसणारा सारखा पोत जुन्या क्राट्सपुट्ससारखा दिसतो म्हणून त्याला ‘क्राट्सपुट्स-श्ट्रुक्टूर’ म्हणू लागले. त्याचा जोडीदार ‘रिलेनपुट्स’. त्यात मोठे दाणे रंध्याखाली लोळतात आणि किडीने कोरल्यासारख्या खाचा पडतात. बादलीवर नुसतं ‘के’ किंवा ‘आर’ असतं. इथे ‘के’साठी ‘स्क्रेप्ड’ लिहिलं तर जी कृती होतच नाही ती वाचकाला करायला सांगितल्यासारखं होतं. पोताचं वर्णन करणं, दाण्याचा आकार देणं आणि कृतीचा शब्द टाळणं हेच बरं.

बाकीचे शब्द त्यामानाने सरळ आहेत. ‘केलेनवुर्फ’ म्हणजे थापीने फेकून मारलेला गिलावा, तो ‘रफकास्ट’च्या जवळ जातो. ‘फिल्ट्सपुट्स’मधलं ‘फिल्ट्स’ म्हणजे फेल्टचं कापड लावलेला रंधा, इंग्रजी कारागीर त्या जागी स्पंज लावलेला रंधा म्हणतो. ‘झुम्पफकाल्क’चा शब्दशः अर्थ दलदलीतला चुना, पण तो खड्ड्यात मुरवलेला चुना आहे, इंग्रजीत ‘लाइम पुटी’.

क्राट्सपुट्सचा तिसरा अर्थ सगळ्यांत जुन्या घरांवर आहे. हेसन राज्यात, विशेषतः मारबुर्गच्या आसपासच्या गावांत, लाकडी चौकटींच्या घरांच्या चौकोनांमधल्या ओल्या गिलाव्यावर फुलं, झाडं, पक्षी आणि अक्षरं कोरायची लोककला आहे. इथे खरोखरच ओरखडे काढले जातात, टोकदार काडीने आणि काटक्यांच्या जुडीनेही. काही संदर्भग्रंथ स्ग्राफितोलाही जर्मन प्रतिशब्द म्हणून क्राट्सपुट्सच देतात, आणि मग हेसनच्या या कामाचा अनुवाद ‘स्ग्राफितो’ असा होतो. स्ग्राफितोत मात्र वरचा रंगीत थर कोरून खालचा वेगळ्या रंगाचा थर उघडा करतात. हेसनच्या कामात असा दुसरा रंग खाली असावाच लागतो असं नाही. २०१६ मध्ये ‘हेसिशर क्राट्सपुट्स’ जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला, तेव्हापासून हा पूर्ण शब्द जर्मनच ठेवून पुढे एका वाक्यात काम समजावून सांगायला भक्कम आधार मिळाला आहे. ज्या मजकुरात घर, गाव आणि कोरलेलं फूल आहे तिथे तसंच करावं. ज्या मजकुरात गोणी, दाण्याचा आकार आणि खिळ्यांची फळी आहे, तिथे ‘स्क्रेप्ड रेंडर’.