अभिनेत्री ते निर्माती: मराठी मालिकांमागचं बदललेलं गणित

मालिकेतली नायिका पुढे निर्माती झाली, की त्याचं श्रेय तिच्या लोकप्रियतेला दिलं जातं. पण ही वाट मोकळी झाली ती वाहिन्यांचा व्यवहार बदलल्यामुळे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढे प्रायोजित मालिकांचं युग आलं. तेव्हा 13 भागांची मंजुरी मिळायची, निर्माता प्रक्षेपण शुल्क भरायचा आणि बदल्यात मिळालेली जाहिरातींची सेकंदं स्वतः विकायचा. म्हणजे अभिनयाची जाण असून भागत नसे, जाहिरात बाजारातली ओळख लागे. तरी स्मिता तळवलकर यांच्यासारख्या वृत्तनिवेदिका-अभिनेत्रीने 'कळत नकळत' हा चित्रपट काढून निर्मितीत पाय रोवले आणि पुढे 'अवंतिका'सारखी दैनंदिन मालिका उभी केली. त्यांचं काम आजच्या मुलींनी नीट अभ्यासायला हवं.

15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा मराठी (आताची झी मराठी) आली, पुढच्याच वर्षी ई टीव्ही मराठी. जाहिराती विकायचं काम वाहिनीने स्वतःकडे घेतलं आणि निर्मात्याला प्रत्येक भागामागे ठरलेली रक्कम देणं सुरू झालं. निर्मात्याकडून हवं होतं ते एकच: भाग वेळेवर. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मजकूर साधारण 22 मिनिटांचा. वर्षानुवर्षं सेटवर वावरलेल्या अभिनेत्रीला कुठला सीन किती वेळ खातो, संवाद उशिरा आले की युनिट कसं खोळंबतं, हे ठाऊक असतंच. इथे तिचं पारडं जड झालं.

अडचण पैशाच्या फिरण्यात आहे. आठवड्याला 6 भाग म्हणजे महिन्याला सुमारे 26. वाहिनीचं देणं 90 दिवसांनी येणार असेल, तर पहिला चेक हातात पडेपर्यंत 78 भागांचा खर्च खिशातून. कलाकारांचं मानधनही बहुधा उधारीवरच चालतं, पण सेटचं भाडं, जेवण, रोजंदारीचे कामगार थांबत नाहीत. त्यात बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, 3-4 भागांवर आला की दुसरं युनिट लावावं लागतं आणि त्या दिवसाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. नवख्या निर्मात्या बहुतेक इथेच अडकतात. म्हणून आर्थिक बाजू सांभाळणारा भागीदार आधी हवा, कथा नंतर. अभिनेत्री श्वेता शिंदे यांनी संजय खांबे यांच्या साथीने वज्र प्रॉडक्शन चालवलं आणि 2017 मध्ये 'लागिरं झालं जी' साताऱ्यात नेऊन चित्रित केली. मुंबईबाहेर खरी घरं, खरी शेतं मिळतात, सेट उभारणीचा खर्च वाचतो. पण नट-तंत्रज्ञांचा मुक्काम आणि प्रवास वाढतो. हा हिशोब आधी मांडला, तरच परवडतं.

मुख्य भूमिका आणि निर्मिती एकाच मालिकेत करणं मात्र फार जिकिरीचं. गुरुवारी टीआरपी घसरलेला दिसला, की वाहिनी कथेचा मार्ग बदलायला सांगते. त्याच दिवशी निर्मातीचे 12 तास कॅमेऱ्यासमोर बांधलेले असतात. मग लेखकाशी बोलायचं कोणी? कार्यकारी निर्माता निर्णय घेऊ शकेल असाच नेमावा.

करार वाचताना हक्कांचं कलम पाहावं. वाहिनी पैसे देते म्हणून मालिका, पात्रं आणि इतर भाषांत रूपांतर करण्याचा हक्क बहुधा तिच्याकडेच जातो. त्यामुळे मालिका ओटीटीवर कितीही चालली, दुसऱ्या भाषेत गेली, तरी वेगळं कलम नसेल तर निर्मातीला पुढे काही मिळत नाही. ही बोलणी पहिल्या भागाच्या मंजुरीआधीच करावी लागतात; प्रोमो सुरू झाल्यावर तिच्या हातात काही राहत नाही.