इतिहास नदीकाठी, फलक रस्त्याकाठी: वेस्टमोरलँड काउंटीतल्या इतिहासफलकांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या पूर्वेला पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक या दोन नद्यांच्या मधे जमिनीचा एक लांबट पट्टा चेसापीक उपसागरापर्यंत जातो. त्याला नॉर्दर्न नेक म्हणतात. वेस्टमोरलँड ही या पट्ट्यातली 1653 साली झालेली शेतीप्रधान काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. मोठं शहर एकही नाही, पण पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज वॉशिंग्टन (1732) आणि जेम्स मनरो (1758), तसंच यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती असलेले रॉबर्ट ई. ली (1807) तिघेही इथेच जन्मले. साहजिकच राज्य मार्ग 3 वरून जाताना चंदेरी पाटी आणि काळी अक्षरं असलेले फलक पुन्हा पुन्हा दिसतात. गंमत अशी की फलकावर लिहिलेली जागा फलकापाशी सहसा नसतेच. ती असते मैल-दोन मैल आत, पाण्याकडे.

याचं कारण रस्त्यांपेक्षा जुनं आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इथला हमरस्ता म्हणजे नदी. तंबाखू मोठाल्या पिंपांत भरून धक्क्यावर न्यायची, तिथून जहाजानं थेट इंग्लंडला. म्हणून जमीनदारांची घरं, गोदामं, बंदरं सगळी पाण्याच्या आसऱ्यानं. वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लादणाऱ्या ब्रिटिश स्टॅम्प कायद्याविरुद्ध 27 फेब्रुवारी 1766 रोजी ठराव झाला ते लीड्सटाउन रॅपाहॅनॉकवरचं बंदर होतं. वेस्टमोरलँडला रेल्वे कधी आलीच नाही. विसाव्या शतकातही माणसं आणि माल आगबोटीनं बाल्टिमोरला जात. ऑगस्ट 1933 च्या वादळात धक्के वाहून गेले, मग ही वाहतूकही आटोपली.

तोवर मोटार येऊन पोचली होती. टॅपाहॅनॉक या गावापाशी रॅपाहॅनॉक नदीवरचा पूल 1927 मध्ये खुला झाला, आणि त्याच वर्षी राज्याचे पहिले इतिहासफलक राजधानी रिचमंडच्या उत्तरेला यू. एस. 1 या महामार्गावर उभे राहिले. गव्हर्नर हॅरी बर्ड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या संवर्धन आणि विकास आयोगाचं हे काम. मजकुराची बाजू एच. जे. एकेनरोड या इतिहासकारांकडे होती. हेतू इतिहासाइतकाच पर्यटनाचा होता, हे आयोगाच्या नावातूनच कळतं. चालत्या गाडीतून वाचायचं म्हणून वाक्यं तोकडी, आणि जागा आत असल्यानं सुरुवात बहुधा ‘इथून अमुक मैल उत्तरेला’ अशी.

प्रत्येक फलकावरचा संकेतांकही रस्त्यावरूनच ठरला. इंग्रजी अक्षर मार्गाचं किंवा भागाचं, पुढचा आकडा त्या फलकाचा: यू. एस. 1 ला ‘ई’, शेनान्डोआ खोऱ्यातल्या यू. एस. 11 ला ‘ए’, नॉर्दर्न नेकवर ‘जे’. ‘झेड’चे फलक काउंटीच्या सीमेवर असतात. त्यांच्या दोन बाजूंना दोन काउंट्यांची माहिती असते: क्षेत्रफळ, स्थापना, नाव कशावरून पडलं.

फलक वाचताना आधी तळाची ओळ पाहावी. तिथे संस्थेचं नाव आणि साल असतं. 1928 चा फलक आणि 2008 चा फलक एकाच काउंटीविषयी फार वेगळं बोलतात. पहिल्या दशकांत लढाया, हवेल्या आणि थोर पुरुष यांचीच चलती होती. त्या हवेल्यांत राबणारे गुलाम मजकुरात जवळजवळ नसतच. खरं तर याच काउंटीतल्या नोमिनी हॉल या हवेलीच्या रॉबर्ट कार्टर यांनी 1791 मध्ये दस्त करून साडेचारशेहून अधिक गुलामांच्या टप्प्याटप्प्यानं मुक्ततेची तजवीज केली होती. कृष्णवर्णीय आणि स्त्रियांच्या इतिहासाकडे राज्यानं जाणीवपूर्वक लक्ष दिलं ते अलीकडच्या दशकांत.

या बदलात पैशाचाही हात आहे. 1976 पासून नव्या फलकांना सरकारी निधी नाही. खर्च प्रस्ताव आणणाऱ्यानं करायचा. विषय किमान 50 वर्षं जुना हवा, मजकूर सुमारे 100 शब्दांचा, आणि प्रत्येक विधानाला पुरावा जोडावा लागतो. तपासणी ऐतिहासिक संसाधन विभाग करतो, मंजुरी त्याचं मंडळ देतं, जागा मात्र रस्ते विभागाशी ठरवावी लागते. गाडी सुरक्षित थांबवता येत नसेल तर ऐतिहासिकदृष्ट्या अचूक जागेचाही उपयोग नाही.

फलक ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. उठावाच्या अक्षरांचा साचा वाळूत दाबून ठसा घ्यायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा, कडा घासायच्या, मग रंग. धातू थंड होताना आकसतो, म्हणून साचा किंचित मोठा ठेवतात. ओतल्यावर सापडलेली चूक खोडता येत नाही; अख्खी पाटी पुन्हा ओतावी लागते. उभा राहिल्यावर शत्रू तीन: गाडीची धडक, रस्तारुंदीकरण आणि उडत जाणारा रंग.

जागेची चूक त्याहून चिवट. वॉशिंग्टन यांच्या जन्मस्थळी पोप्स क्रीकला त्यांच्या पत्नीच्या नातवानं, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस यांनी, 1815-16 च्या सुमारास दगड बसवला होता. पुढे 1896 मध्ये तिथे स्तंभ आला. 1930-31 मध्ये स्तंभ हलवून त्या जागी स्मारकगृह बांधलं गेलं. 1936 च्या उत्खननात जवळच दुसऱ्याच मोठ्या घराचा पाया उघडा पडला आणि खरं घर तेच मानलं जाऊ लागलं. स्मारकगृह आजही आपल्या जागी आहे. सापडलेल्या पायाची रूपरेषा जमिनीवर शिंपल्यांच्या चुऱ्यानं आखून दाखवली आहे.

रस्त्यावरचा फलक चुकला तर नवा मजकूर बसवता येतो. अशा बदली फलकाला बहुधा जुनाच संकेतांक मिळतो. त्यामुळे फलकांची माहिती छापलेल्या जुन्या पुस्तिकेतला मजकूर आणि रस्त्यावरचा मजकूर जुळला नाही, तर आधी तळाचं साल ताडून पाहावं.