पॉलिग्राफ घेणाऱ्याला परवाना कोण देतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘नार्को’ (गुंगीचं औषध देऊन केलेली चौकशी) आणि ‘पॉलिग्राफ’ (शरीराच्या प्रतिक्रिया मोजून खरं-खोटं ताडणारी चाचणी) हे शब्द घरोघरी पोहोचले ते तेलगी प्रकरणामुळे. बनावट स्टॅम्प पेपर घोटाळ्यातला मुख्य आरोपी अब्दुल करीम तेलगी खानापूरचा. २००३ च्या अखेरीस बंगळुरूत त्याची नार्को चाचणी झाली आणि २००६ मध्ये तिचं चित्रण लोकांनी टीव्हीवर पाहिलं. चर्चा रंगली ती त्याने कुणाची नावं घेतली याची. तपासातलं चित्रण बाहेर आलंच कसं आणि त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न मागे पडला. माझ्या मते खरा प्रश्न तोच होता.

या घोटाळ्यातल्या इतर आरोपींनी अशा चाचण्यांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. २००४ मध्ये न्यायालयाने चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयानेही कोरमंगला पोलिसांच्या एका प्रकरणात तसाच कौल दिला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ म्हणून गाजलं. ५ मे २०१० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूतल्या लहरी मोजणारी चाचणी) करता येणार नाही. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरणार नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर तेवढीच ग्राह्य धरता येईल.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्येच पॉलिग्राफसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्या काटेकोर पाळा, असं या निकालाने बजावलं. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, आरोपीला वकील मिळाला पाहिजे, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम त्याला समजावून सांगायचे, आणि चाचणी पोलिसांनी नव्हे तर स्वतंत्र संस्थेने वकिलासमोर घ्यायची.

आरोपीभोवती असं कुंपण घातलं गेलं. पण समोर बसून चाचणी घेणारा माणूस किती शिकलेला असावा, त्याला परवाना कोण देईल, चुकला तर तो काढून कोण घेईल, यासाठी देशात आजही वेगळा कायदा नाही. बँकेच्या दारात रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, ते मंजूर झालंच नाही. पॉलिग्राफवाल्यांपर्यंत तर गोष्ट पोहोचलीच नाही. याची झळ कर्नाटकाला बसली आहे. बंगळुरूच्या न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत गाजलेल्या चाचण्या घेणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला २००९ मध्ये, नोकरीसाठी खोटी कागदपत्रं दिल्याचा ठपका ठेवून सरकारने बडतर्फ केलं.

अमेरिकेत पॉलिग्राफचं यंत्र १९२१ पासून पोलिसांच्या हाती आहे. १९२३ च्या फ्राय खटल्यात तिथल्या न्यायालयाने त्याची आधीची आवृत्ती पुरावा म्हणून नाकारली. तिथे अनेक राज्यांनी परीक्षकांना परवाना सक्तीचा केला. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने खासगी मालकांनी नोकरांवर चाचणी लादण्याला बहुतांशी बंदी घातली. जिथे मुभा ठेवली तिथे अटी घातल्या: राज्यात परवाना लागत असेल तर तो हवा, किमान ५० हजार डॉलरचा बाँड किंवा तेवढा विमा हवा, दिवसाला पाचपेक्षा जास्त चाचण्या नाहीत आणि एक चाचणी ९० मिनिटांपेक्षा कमी नाही.

हा ९० मिनिटांचा नियम कशासाठी, हे खोलीत डोकावलं की कळतं. छातीला आणि पोटाला श्वास मोजणाऱ्या नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या पट्ट्या. यंत्र खोटं पकडत नाही, ते फक्त शरीरातली खळबळ नोंदवतं. त्याआधी परीक्षक प्रत्येक प्रश्न त्या माणसाशी बोलून ठरवतो. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. प्रश्न विचारल्यानंतरच्या काही सेकंदांवर सगळा निष्कर्ष अवलंबून असतो.

सीमाभागातल्या मराठी माणसाचा प्रश्न इथे येतो. खानापूर तालुक्यातला शेतकरी बाजारापुरतं कानडी बोलेल, पण ‘त्या रात्री तू तिथे होतास, हे तू कुणापासून लपवलंस का?’ असा प्रश्न कानडीत आला तर त्याचा अर्थ लावण्यातच त्याची धडधड वाढणार. मधे दुभाषी बसवला तर ते मोजके सेकंद त्याच्या बोलण्यात जाणार. कोर्टात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला कळेल अशा भाषेत सांगण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. आयोगाच्या सूचनांत मात्र परिणाम समजावून सांगा एवढंच आहे, कोणत्या भाषेत ते नाही.

आता राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र धारवाडला आलं आहे. २०२३ च्या जानेवारीत त्याची पायाभरणी झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही आहे; ती राज्यांनी पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. शिकलेली माणसं तयार होतील, पण पॉलिग्राफ घ्यायला तीच लागतील असं बंधन कुठेही नाही. ते आणण्याची मागणी बेळगावच्या वकिलांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. त्यात एक कलम असंही हवं, की संमतीपत्र आणि प्रश्न दोन्ही त्या माणसाच्या मातृभाषेत असतील आणि परीक्षकाला ती भाषा बोलता येत असेल.