एका बोटावर थांबलेले चाक

गोव्यातल्या वागातोर किंवा हणजूणच्या किनाऱ्यावरचे खडक ट्रायल्स सायकलीला अगदी योग्य. या सायकलीला बसायला सीट नसते आणि गिअर एकच असतो. स्वार मागच्या चाकावर तोल सावरत एका खडकावरून दुसऱ्यावर उडी घेतो. साध्या सायकलीचा ब्रेक वेग कमी करतो. इथे कमी करायला वेगच नसतो. हा ब्रेक चाक जागेवर बांधून ठेवतो आणि उडीच्या क्षणी सोडून देतो. म्हणून त्याची परीक्षाही उभ्या-उभ्या होते. लिव्हर एका बोटाने दाबायची आणि सायकल आधी पुढे, मग मागे ढकलायची. चाक तसूभरही हलता कामा नये. पुढे धरतो पण मागे सुटतो असा ब्रेक स्वाराला खडकावरून उताणा पाडतो.

आधी गिअर पाहू. २६ इंची चाकाला पुढे १८ आणि मागे १५ दात, किंवा २२ आणि १८, अशी जोडी असते. २० इंची चाकाला बहुधा १८ आणि १२. दातांचे गुणोत्तर चाकाच्या इंचांनी गुणले की तिन्ही जोड्या ३० ते ३२च्या दरम्यान येतात. पुढे ४४ आणि मागे १८ दातांच्या साध्या सायकलीत हाच आकडा ६३-६४ असतो. म्हणजे तेवढ्याच जोराला चाकावर दुप्पट रेटा मिळतो.

हा रेटा फुकट मिळत नाही, त्याची किंमत चेन मोजते. ७० किलोचा स्वार १७० मिलिमीटर क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) आडव्या पॅडलवर नुसता उभा राहिला, तरी ४४ दाती चक्रावरच्या चेनला सुमारे १३०० न्यूटन ताण बसतो. १८ दाती चक्रावर तोच ३२०० होतो, म्हणजे सव्वातीनशे किलोचे ओझे टांगल्यासारखे. उडीच्या झटक्यात तो आणखी वाढतो. २२-१८ची जोडी हा ताण २६०० पर्यंत उतरवते, पण मोठे चक्र खडकाला आपटते. जांभ्याच्या उंच कडांवर खेळायचे असेल तर लहान चक्रच बरे, आणि चेन लवकर बदलायची.

चेन ताणली गेली की नाही हे पट्टीने कळते. २४ कड्यांची लांबी पिनेपासून पिनेपर्यंत ३०४.८ मिलिमीटर असते, ती ३०६.५च्या पुढे गेली की चेन काढावी. पण ट्रायल्सची चेन झिजण्याआधीच तुटू शकते, कारण वारंवारच्या झटक्यांनी बाजूच्या पट्ट्यांना पिनेजवळ केसाएवढी चीर पडते. दर आठवड्याला चेन पुसून प्रत्येक कडी वाकवून उजेडात पाहावी. वाकलेली किंवा अडकणारी कडी दिसली तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. हाताने उघडणारी जोडकडीही इथे नको.

चेनचा मध्य बोटाने वरखाली केला तर ५ ते १० मिलिमीटर हलावा. क्रँक पाव-पाव फेरी फिरवून चार ठिकाणी मोजावे, कारण चक्र क्वचितच अगदी गोल असते. सर्वांत ताठ जागी ५ मिलिमीटर मिळाले की पुरे. त्याहून ताठ केली तर फ्रीव्हीलचे, म्हणजे पॅडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या भागाचे, छर्रे जातात.

फ्रीव्हील इथे मागे नसून पुढे, क्रँकवरच असते. १०८ टप्प्यांच्या फ्रीव्हीलमध्ये पॅडल जेमतेम ३.३ अंश फिरले की आतले खटके पकड घेतात. त्यात जाड ग्रीस भरणे ही नेहमीची चूक. ग्रीसमध्ये खटका आळसावतो, दातावर अर्धवट बसतो आणि ऐन उडीत निसटतो. पातळ तेलाचे थेंब सोडावेत, आणि पावसाळ्यात जास्त वेळा.

आता रिमचा ब्रेक. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर पाण्याचा पातळ थर बसला की पॅड घसरतो. म्हणून टायर काढून रिमच्या कडेवर अँगल ग्राइंडरने बारीक तिरक्या रेघा मारतात. पाणी रेघांत उतरते आणि रेघांच्या धारा पॅडमध्ये रुततात. हात हलका हवा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. दर वेळी भिंत थोडी पातळ होते, त्यामुळे खोल चर पाडणारा रिम फोडतो. रेघा मारलेल्या रिमला कडक पॅड लावावा; मऊ पॅड चार दिवसांत किसून जातो. पॅड रिमला सपाट टेकला पाहिजे, १ ते २ मिलिमीटर अंतरावर. तिरका टेकला तर बोटाचा जोर पॅड वाकवण्यातच जातो. मागचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर घोड्याच्या नालासारखी पट्टी बसवतात, तीही याचसाठी: नाहीतर ब्रेक दाबताच दांडेच फाकतात.

गोव्यात रेघा लवकर बोथट होतात. जांभ्याच्या लाल धुळीतले लोहाचे ऑक्साइड ॲल्युमिनियमपेक्षा खूप कठीण. ते पॅडमध्ये रुतून रिमलाच घासते. पॅडचा चेहरा दर खेळानंतर पॉलिश पेपरने खरवडावा आणि रिम पाण्याने धुवावा. तेलकट फडके त्याच्या जवळही आणू नये.

हा ब्रेक नळीतल्या तेलाच्या दाबावर चालतो; लिव्हर स्पंजासारखी लागली तर नळीत हवा आहे. हवा दबते, तेल दबत नाही. लिव्हर सर्वांत उंच ठेवून खालच्या टोकाने सिरिंजने तेल सावकाश चढवावे, वरून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गाडीच्या ब्रेकचे डॉट तेल ओतले तर रबरी सीले फुगतात. तेलाऐवजी पाणी भरणारेही आहेत. लिव्हर हलकी होते खरी, पण आतले लोखंड गंजते. डॉट तेलाचा डिस्क ब्रेक असेल तर ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून पावसाळा सरला की ते बदलून टाकावे.

खारा वारा मात्र वर्षभर असतो. ॲल्युमिनियमच्या क्रँकवर पोलादी फ्रीव्हील बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरलात, तर मिठाच्या ओलाव्यात दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात. त्यात पॅडलचा प्रत्येक झटका ते फ्रीव्हील आणखी घट्ट करत राहतो.