मालदीवची वाळू येते माशाच्या पोटातून

मालदीवला जाऊन आलेल्यांचे फोटो लगेच ओळखू येतात. डोळे दिपवणारी पांढरीशुभ्र वाळू आणि तिच्यावर फिकट निळं, उथळ पाणी. कोकणातल्या पुळणींना हा रंग सहसा नसतो, कारण तिथे किनाऱ्यावर येणारा बराचसा माल डोंगरातला असतो. कातळ झिजतो, नद्या तो गाळ समुद्रात आणून टाकतात. रत्नागिरीच्या बाजूला तर इल्मेनाइट या जड खनिजामुळे काही किनारे काळपट दिसतात. मालदीवमध्ये ना डोंगर, ना नदी. सुमारे १,२०० बेटं, आणि बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून मीटरभरही उंच नाही. मग तिथे वाळू आली कुठून?

बरीचशी माशाच्या पोटातून. स्पष्टच बोलायचं तर, विष्ठेतून.

हा मासा म्हणजे पॅरटफिश. त्याचे दात एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे दिसतात, म्हणून हे नाव. प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणारे इवलेसे समुद्री जीव. मेलेल्या प्रवाळाच्या खडकावर आणि त्याच्या आतही सूक्ष्म शेवाळ वाढतं. ते मिळवायला तो खडकच खरवडून खातो. दात फ्लुओरॅपटाइट या खनिजाचे, सजीवांनी घडवलेल्या सर्वांत कठीण पदार्थांपैकी एक. घशात दुसरे जबडे असतात, तिथे खडकाचा चुरा होतो. या माशाला जठर नसतं. खाण्याजोगं तेवढं आतड्यात शोषलं जातं आणि उरलेला कॅल्शियम कार्बोनेटचा भुगा मागून बाहेर पडतो. पाण्यात डोकं घातलं तर त्याचं कुरतडणं चक्क ऐकू येतं.

मालदीवच्या बा प्रवाळमंडलातल्या (कड्यासारख्या गोलाकार प्रवाळरांगेतल्या) वक्करू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी या वाळूचा हिशेब मांडला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दरसाल सुमारे ६,८५,००० किलो नवा गाळ तयार होतो आणि त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक वाटा पॅरटफिशचा. हॅलिमेडा नावाच्या चुनखडी शेवाळाचा वाटा साधारण १० टक्के. म्हणून बेटावर हा मासा जाळीवर भाजून ताटात येणं मला तरी महागाचा सौदा वाटतो.

माशाला कच्चा माल पुरवतात प्रवाळ, आणि त्यांचीच अवस्था नाजूक आहे. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि मालदीवचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, बरेच मेलेही. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजतं, त्यामुळे माशाची काही काळ चंगळच होते. पण नवा सांगाडा वाढलाच नाही, तर खरवडायला किती दिवस पुरणार?

या प्रवाळांखाली काय आहे, हे आपल्याला जास्त जवळचं. १८४२ मध्ये डार्विनने मांडलं होतं, की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या कडेचे प्रवाळ मात्र वर वाढत राहतात आणि शेवटी पाण्यावर फक्त कडं उरतं. मालदीवखाली दोन किलोमीटरहून जाड चुनखडी आहे आणि तिच्याखाली बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच्यावरूनच भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. मागे राहिलेल्या रेघेवर लक्षद्वीप आहे, मालदीव आहे, आणि आज तेच स्थान रियुनियन बेटाखाली धगधगतंय. म्हणजे सह्याद्रीचा कातळ आणि मालदीवचा पाया यांचं मूळ एकच.

वरची वाळू मात्र एका जागी बसत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की लाटांची दिशा बदलते आणि वाळू बेटाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकते; ईशान्येचे वारे आले की परत फिरते. बेट लहान असेल तर फरक सहज दिसतो. काही रिसॉर्ट पंप लावून उथळ पाण्यातली वाळू पुन्हा किनाऱ्यावर ओढतात, काही दगडी बांध घालतात. बांधाने एक बाजू वाचते, दुसरीकडची झिजते. तेव्हा महागडी खोली घेण्याआधी विचारून घ्यावं: आम्ही येऊ त्या महिन्यात किनारा कुठल्या बाजूला असेल?